मधल्या ‘ए’ची कुळकथा

मृग जवळ आला की चांदूर रेल्वेत कृषी सेवा केंद्रांपुढे बियाण्याच्या थैल्यांच्या थप्प्या लागतात. लहानपणी बाबांचं बोट धरून मी त्या गर्दीत उभा राहायचो आणि थैल्यांवरची अक्षरं वाचायचो. उडदाच्या थैलीवर ‘टीएयू-१’ असं लिहिलेलं असायचं. बाबांचं आधीच ठरलेलं असे : “टीएयूच घेऊ, दाना टपोरा हाय त्याचा.” हा एखाद्या कंपनीचा नंबर असावा, असंच मला वाटे. पुष्कळ वर्षांनी त्या अक्षरांची फोड कळली आणि मधलं अक्षर आपल्याच मुलखाचं निघालं. टी म्हणजे ट्रॉम्बे, ए म्हणजे अकोला आणि यू म्हणजे उडीद.

अणुभट्ट्यांचं ट्रॉम्बे आणि पऱ्हाटीचं अकोला एका थैलीवर कसे आले, हे सांगायचं तर आधी रानात जावं लागेल.

आपल्या शेतातल्या उडदाचा पूर्वज, रानउडीद, आजही सह्याद्रीत उगवतो. त्याची शेंग वाळली की तडकते, तिची टरफलं पीळ घेतात आणि बारीक दाणे दूर उडतात. रानात वंश पसरवायला हे फार सोयीचं, पण ज्याला दाणे घरी न्यायचे आहेत त्याच्या हाती काय लागणार? कधी तरी एखाद्या झाडाच्या जनुकात बदल झाला आणि त्याची शेंग तडकेना. रानात असं झाड दुबळंच ठरलं असतं. माणसाच्या हाती मात्र त्याच झाडाचे दाणे आले आणि पुढच्या पावसाळ्यात तेच पेरले गेले. उडीद माणसाळला तो भारतातच, आणि असा हजारो वर्षांत, एकेका चुकलेल्या झाडाला जपत जपत. ज्यांनी ही निवड केली त्यांची नावं कुठेच नाहीत, याची मला नेहमी हळहळ वाटते.

ही चूक होते कुठे? पेशी दुभंगताना डीएनएची नक्कल होते. चार अक्षरांत लिहिलेला तो प्रचंड मजकूर दर वेळी पुन्हा उतरवला जातो आणि क्वचित एखादं अक्षर बदलतं, गळतं किंवा जास्तीचं पडतं. यालाच उत्परिवर्तन म्हणतात. मराठी माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. ‘कांही’वरचा अनुस्वार 1962च्या शुद्धलेखन नियमांनी गेला, शब्दाचा अर्थ जागच्या जागी राहिला. जनुकातले कितीतरी बदल असेच बिनबोभाट असतात. पण ‘दिन’ची वेलांटी दीर्घ झाली की दिवसाचा गरीब होतो. जनुकात एक अक्षर फिरलं की त्यावरून घडणाऱ्या प्रथिनाचा एखादा दुवा बदलू शकतो, आणि मग पानाचा रंग, दाण्याचं आकारमान, रोगाशी झुंजण्याची ताकद, काहीही बदलू शकतं. बहुतेकदा नुकसानच होतं, कारण चालत्या गाड्याची खीळ कुठेही ठोकली तर गाडा सुधारत नाही.

निसर्गातला हा बदल फार विरळ. तो घडवून आणता येईल का? अमेरिकेत हर्मन मुलर यांनी 1927 साली फळमाश्यांवर क्ष-किरण सोडून तो घडवता येतो, हे दाखवलं. 1946चं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं. पाठोपाठ लुईस स्टॅडलर यांनी जवावर आणि मक्यावर तेच सिद्ध केलं. ट्रॉम्बेच्या शास्त्रज्ञांनी हे हत्यार डाळी आणि तेलबियांकडे वळवलं. ‘स्पॅनिश इम्प्रूव्हड’ या भुईमुगाला क्ष-किरण देऊन काढलेला टीजी-१ हा वाण 1973 साली आला.

क्ष-किरणांसारखेच गॅमा किरणही यासाठी वापरतात. त्यांचं काम वरून फार साधं दिसतं. कोरडं बियाणं कोबाल्ट-60च्या कक्षात काही वेळ ठेवायचं. किरण आरपार जातात, डीएनएचे धागे ठिकठिकाणी तुटतात. पेशी ते सांधते, पण सांधताना काही ठिकाणी चुकते. किरण निघून जातात, चूक मागे राहते. दाणा किरणोत्सारी होत नाही. शिवाय बीटी कपाशीसारखं दुसऱ्या जिवाचं जनुकही त्यात घातलेलं नसतं. जे बदलतं ते उडदाचं स्वतःचंच.

खरी कसोटी त्यानंतर लागते. पहिल्या पिढीत फारसं काही दिसत नाही, कारण बहुतेक बदल दबून राहणारे असतात. त्या झाडांचं बी पुन्हा पेरलं की दुसऱ्या पिढीत घराण्याचं गुपित बाहेर पडतं. कुठे पांढरं फटक रोप उगवतं. त्याला हरितद्रव्य करता येत नाही, आणि दाण्यातली शिदोरी संपली की ते मरतं. कुठे वांझ झाड, कुठे खुरटलेलं. हजारो झाडांमधून वाकून चालत एखादं कामाचं झाड हेरायचं. आपल्याकडे शेतात वेगळं दिसणारं झाड ‘भेसळ’ म्हणून उपटतात. इथे त्याच झाडाला खूण बांधायची आणि त्याचं बी वेगळं जपायचं. मला या शास्त्राचा सगळा मोठेपणा त्या बांधलेल्या खुणेत दिसतो.

यूएम-१९६ हा असाच एक उत्परिवर्तित उडीद. त्याचा उत्तर प्रदेशातल्या टी-९ या जुन्या वाणाशी संकर केला आणि त्या वंशातून टीएयू-१ निघाला. 1969 साली स्थापन झालेल्या अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची, म्हणजे आजच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची, त्यात भागीदारी होती. म्हणूनच तो ‘ए’. प्रयोगशाळेत गुण दिसणं वेगळं आणि काळ्या चिकट जमिनीत, लहरी पावसात ते टिकणं वेगळं. 1985 साली टीएयू-१ महाराष्ट्रासाठी प्रसारित झाला. पुढे कित्येक वर्षं राज्यातल्या उडदाच्या क्षेत्राचा मोठा भाग त्यानेच व्यापला होता. सत्तर-पंच्याहत्तर दिवसांत हाती येणारं हे पीक. आमच्याकडे पोळ्याच्या तोंडावर घरात पहिला पैसा यायचा तो मूग-उडदाचा. माझ्या शाळेच्या वह्या त्यातूनच येत.

हा ‘ए’ पुढे आणखी थैल्यांवर उमटला : टीएजी-२४ भुईमूग, भुरीला तोंड देणारा टीएआरएम-१ मूग. आता चांदूरच्या शिवारात सोयाबीनने उडदाला बांधाकडे ढकललं आहे, तरी डाळीपुरती चार तासं पेरणारी घरं आहेतच.

टीएयू-१लाही उणिवा आहेत. पिवळ्या मोझॅक रोगापुढे तो टिकत नाही. आणि भुंगा तर घरोघरी. आई उडदात कडुनिंबाचा पाला घालून कोठी लिंपायची, तरी दिवाळीनंतर दाण्यांना भोकं पडलेली दिसत. माणसाच्या हाताखाली उडीद मोठा, मऊ, आज्ञाधारक झाला. रानउडदाने मात्र भुंग्याला अडवण्याची ताकद जपून ठेवली आहे. ट्रॉम्बेच्या शास्त्रज्ञांनी त्यांच्याच टीयू ९४-२ या वाणाचा संकर थेट या रानउडदाशी केला आणि ती ताकद जनुकसंचात नेमकी कुठे आहे याचा माग काढला. आईच्या कोठीतल्या प्रश्नाचं उत्तर सह्याद्रीतल्या त्या बारीक, उडून जाणाऱ्या दाण्याकडे आहे.