सर जॉर्ज केली यांचे विमानविषयक कागद

बखर आणि अस्सल कागद यांचा मेळ बसेना म्हणजे मान कोणास द्यावा, हा वाद आमच्या वाचकांस नवा नाहीं. इंग्लंडांतील एका जमीनदाराविषयीं हाच प्रश्न निराळ्या रूपानें उभा राहतो. यॉर्कशायरमधील ब्रॉम्प्टनचे सर जॉर्ज केली (१७७३–१८५७) यांस विमानविद्येचे आद्य प्रवर्तक मानतात. परंतु लोकांच्या तोंडीं आहे ती त्यांच्या गाडीवानाची गोष्ट. १८५३ च्या सुमारास सर जॉर्ज यांनीं आपल्या गाडीवानास एका बिनइंजिनाच्या विमानांत बसवून गांवाजवळच्या दरीवरून उडविलें. पलीकडे आदळल्यावर गाडीवान कसाबसा उठला, आणि आपली नेमणूक गाडी हांकण्याकरितां आहे, उडण्याकरितां नव्हे, असें सांगून त्यानें नोकरी सोडली!

गोष्ट मोठी गोड आहे. तिचा आधार मात्र सर जॉर्ज यांच्या नातीची आठवण, इतकाच. नात त्या वेळीं लहान मुलगी होती. आठवण तिनें सांगितली ती विसाव्या शतकांत, वृद्धपणीं. गाडीवानाचें नांव निश्चित नाहीं, उड्डाणाचा दिवसही निश्चित नाहीं. एवढ्याशा पुराव्यावर आम्ही एखाद्या गढीचा वेढासुद्धां मान्य करणार नाहीं.

आतां अस्सल साधनांकडे वळूं. त्यांतील पहिलें साधन कागद नव्हेच. ती एक लहानशी रुप्याची चकती आहे व लंडनच्या सायन्स म्युझियममध्यें आहे. तिजवर १७९९ हें साल व केली यांचीं आद्याक्षरें कोरलेलीं आहेत. एका अंगास स्थिर पंखांचें, शेपटीचें व माणसास बसण्याची जागा असलेलें विमान. दुसऱ्या अंगास तिरप्या पंखावर वाऱ्याचा जोर कसा विभागतो त्याची आकृति. किती भाग वर उचलतो, किती मागें रेटतो, हें त्यांत रेषांनीं दाखविलें आहे. त्यापूर्वीं उडूं पाहणारे बहुतेक लोक पांखराप्रमाणें पंख फडफडविण्याच्या नादीं लागले होते. उचलण्याचें काम एकाकडे व पुढें ढकलण्याचें काम दुसऱ्याकडे द्यावें, हा विचार येथें प्रथम स्पष्ट दिसतो. चकतीवर वल्हीं आहेत, पण तीं केवळ पुढें रेटण्यापुरतीं. चकती कोरली तेव्हां सर जॉर्ज पंचविशीचे होते.

दुसरें साधन टिपणवही. १७९९ पासून १८२६ पर्यंतच्या सुमाराचीं तींतील टिपणें हॉजसन यांनीं संपादिलीं व न्यूकमेन सोसायटीनें १९३३ सालीं छापिलीं. आमच्या मतें माणूस दिसतो तो येथें. कावळ्याचें उड्डाण तपासून पाहिलें आहे. कमींत कमी विरोध होईल असा आकार शोधण्यासाठीं ट्राउट माशाचे घेर मोजले आहेत. अंगठ्याचें नख किती दिवसांत किती वाढतें, याचीसुद्धां नोंद आहे! १८०४ सालीं त्यांनीं वजन खालीं सोडून फिरणाऱ्या दांड्याच्या टोंकास पृष्ठ बांधलें व वाऱ्याचा जोर मोजला. त्याच वर्षीं पतंगाचा पंख व फिरती शेपूट असलेलें लहानसें विमान हवेंत सोडलें. या विचारांतून पुढें १८०९–१० मध्यें निकल्सनच्या नियतकालिकांत त्यांचा तीन भागांचा निबंध प्रसिद्ध झाला. अडचण राहिली ती इंजिनाची. वाफेचें इंजिन फार जड. म्हणून बंदुकीच्या दारूवर चालणाऱ्या यंत्राचाही विचार त्यांनीं करून पाहिला.

तिसऱ्या साधनाची कथा संग्राहकांनीं विशेष लक्षांत घ्यावी. २५ सप्टेंबर १८५२ च्या ‘मेकॅनिक्स मॅगझिन’मध्यें सर जॉर्ज यांनीं माणूस नेणाऱ्या, सुकाणू असलेल्या बिनइंजिनाच्या विमानाची रचना आकृतीसह दिली. तें फुग्याखालीं टांगून उंच न्यावें व तेथून सोडावें, अशी योजना होती. लेखक तेव्हां ७८ वर्षांचे होते. लेख उघडपणें छापलेला, अंक ग्रंथालयांतून ठेवलेले. तरीही १९६० पर्यंत विमानेतिहासकारांची दृष्टि त्याकडे गेली नाहीं. गिब्ज-स्मिथ यांनीं तो उजेडांत आणला.

या लेखानें गाडीवानाच्या गोष्टीचें वजन बदललें. नातीनें सांगितलेल्या काळाच्या आसपास तसलें यंत्र तिच्या आजोबांनीं पूर्ण विचारानें रचलें होतें, हें आतां समकालीन छापील पुराव्यानें ठरतें. १९७३ सालीं त्या रचनेवरून केलेली प्रतिकृति ब्रॉम्प्टनच्याच दरींत उडालीही. मात्र त्यावरून उड्डाण शक्य होतें एवढेंच सिद्ध होतें, झालें होतें हें नव्हे. आम्ही नातीची साक्ष ग्राह्य धरतों; गाडीवानाचें तें बोलणें घरगुती गप्पांच्या सदरांत टाकतों.

याहून भक्कम असें एक उड्डाण आहे व त्याची वाच्यता फार कमी होते. १८४९ सालीं सुमारें दहा वर्षांचा एक मुलगा सर जॉर्ज यांच्या यंत्रांत बसून, उतारावरून जातांना, कांहीं यार्ड जमिनीपासून उचलला गेला. हें खुद्द सर जॉर्ज यांनींच लिहून ठेविलें आहे. मुलाचें नांव त्यांनीं लिहिलें नाहीं.