धरणाचा दरवाजा कोण उघडणार?

वर्धा जिल्ह्यातल्या अल्लीपूरसारख्या गावात विहिरीवरच्या पंपाला ‘ऑटो’ लावतात. रात्री कधीही लाइन आली की पंप आपोआप सुरू होतो. थंडीत, अंधारात, सापाविंचवाच्या वाटेनं शेतात जाणं टळतं. पण साधा ऑटो फक्त लाइनीकडे बघतो. विहिरीत पाणी आहे की नाही, हे त्याला कळत नाही. विहीर आटली तरी पंप कोरडाच फिरतो आणि मोटर जळते.

यंत्र आपोआप चालवायचं ठरवलं की पहिला प्रश्न हाच: ते कशाकडे बघून चालणार? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुण्याजवळ खडकवासल्याच्या धरणावर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्यापुढे हाच प्रश्न होता.

पुण्याला आणि मुठा कालव्यांना पाणी देणारं हे धरण पावसाळ्यात भरून वाहायचं. सांडव्यावरून गेलेलं पाणी उन्हाळ्यात हवं असायचं. भिंत उंच करावी, तर खर्च मोठा आणि जुन्या बांधकामावर जास्तीचा भार. सांडव्यावर हातानं उघडायचे दरवाजे बसवावेत, तर मध्यरात्री पूर आला आणि माणूस वेळेवर पोचला नाही की धरणच धोक्यात.

विश्वेश्वरय्यांनी तिसरा मार्ग निवडला. १९०३ मध्ये तिथे त्यांचे स्वयंचलित दरवाजे बसले. वीज नाही, मोटर नाही. वजनं आणि पाण्याचाच जोर. पाणी ठरलेल्या पातळीच्या वर गेलं की दरवाजे उघडायचे, पूर ओसरला की बंद व्हायचे. भिंत न वाढवता पाणी सांडव्याच्या मूळ पातळीपेक्षा ८ फूट वर अडवता आलं आणि साठा सुमारे २५ टक्क्यांनी वाढला. त्यांनी या रचनेचं पेटंटही घेतलं.

ऑटोत आणि या दरवाज्यात फरक इथेच आहे. जे सांभाळायचं, त्या पाण्याच्या पातळीकडेच हा दरवाजा बघत होता. इंजिनिअर याला ‘फीडबॅक’ म्हणतात. जेम्स वॉटच्या वाफेच्या इंजिनावरचा गव्हर्नर याच तत्त्वावर वेग सांभाळायचा. पण फीडबॅक असला म्हणजे सगळं सुरळीत होतंच असं नाही. काही गव्हर्नर वेग स्थिर करण्याऐवजी इंजिनाला हेलकावे का देतात, याचं गणित जेम्स क्लार्क मॅक्सवेलनं १८६८ मध्ये मांडलं.

फीडबॅकला आणखी एक मर्यादा असते. पातळी वाढल्यावरच तो हलतो. वरून काय येतंय, हे त्याला ठाऊक नसतं. १२ जुलै १९६१ रोजी वरच्या अंगाला पानशेत धरण फुटलं. तो लोंढा खडकवासल्याला पेलला नाही, तेही फुटलं आणि पुणं बुडालं. धरण वाचवायला दरवाजा नुसता वेळेवर उघडून भागत नाही. येणारं सगळं पाणी त्यातून जाऊही शकलं पाहिजे.

म्हणून आज मोठ्या धरणांवर ‘रूल कर्व’ असतो. कोणत्या तारखेला धरण किती भरलेलं असावं, हे आधीच ठरवतात. पावसाचा अंदाज बघून पूर येण्याआधी जागा रिकामी करतात. पण इथे वेगळा धोका आहे. पाणी सोडलं आणि पाऊसच आला नाही, तर उन्हाळ्यात शेत कोरडं. अंदाजावर चालायचं, तर चुकीची किंमत कोण मोजणार हेही आधी ठरवावं लागतं.

तेव्हा ‘हे ऑटोमॅटिक आहे’ असं कुणी सांगितलं, की तीन गोष्टी विचाराव्यात. ते कशाकडे बघतं? किती पेलू शकतं? आणि त्याच्या आवाक्याबाहेरचं काही आलं, तर त्या रात्री जागं कोण असेल?