नावांची यादी आणि दाराशी हाक

भूकंपाचा जोर व मृतांची संख्या इतिहासात नमूद होते. परंतु कोण वाचला आणि कोण मागे राहिला, याची चौकशी क्वचितच होते. जपानच्या अलीकडील इतिहासाकडे आम्ही याच दृष्टीने पाहणार आहो.

१९९५ च्या जानेवारीत कोबे येथील भूकंपात सहा हजारांहून अधिक माणसे दगावली. त्यांत निम्म्याहून अधिक साठी उलटलेली होती. २००४ च्या जुलैत निइगाता प्रांतातील पुरातही बळी गेले ते बहुतांशी वृद्धच. तेव्हा सरकारने वृद्ध व अपंग यांच्या साहाय्याविषयी मार्गदर्शक नियम केले आणि ठिकठिकाणी नावांच्या याद्या होऊ लागल्या. तथापि ११ मार्च २०११ रोजी ईशान्य किनाऱ्यावर समुद्र चालून आला, तेव्हा बाधित गावांत अपंगांच्या मृत्यूचे प्रमाण सर्वसाधारण लोकांच्या सुमारे दुप्पट आढळले. यादीत नाव असणे व दाराशी हाक मारणारा माणूस असणे, या दोन भिन्न गोष्टी होत.

त्याच दिवशी होक्काइदो बेटावरील उराकावा या गावी निराळेच घडले. तेथे १९८४ मध्ये स्थापन झालेली ‘बेथेल’ नावाची मनोविकारग्रस्तांची वसाहत आहे. २००३ च्या भूकंपानंतर तेथील रहिवाशांनी अभ्यासकांच्या साहाय्याने तयारी आरंभिली. छापील सूचनांनी ज्यांचा गोंधळ उडे, त्यांच्यासाठी त्यांच्याच वाटेची छायाचित्रे घेऊन, एकेक वाक्य आवाजासह पुढे येईल अशी बोलकी पुस्तिका केली. चार मिनिटांत दहा मीटर उंची गाठावयाची, एवढे एकच ध्येय ठेवून ते ती वाट पुनःपुन्हा चालले. २०११ मध्ये लाट आली, तेव्हा ही मंडळी सुखरूप उंचावर पोहोचलेली होती. ज्यांस जग असमर्थ समजते, त्यांस पायाखालची वाट ठाऊक होती, यातच सर्व मर्म आहे.

पुढे २०१३ च्या कायदादुरुस्तीने याद्या करणे नगरपालिकांचे कर्तव्य ठरले. २०१६ पासून बेप्पू शहराने आणखी एक पाऊल टाकले. जो सेवक त्या व्यक्तीची रोजची शुश्रूषा जाणतो, तो तिच्यासह व शेजाऱ्यांसह बसून तिच्या एकटीपुरती योजना आखतो, आणि ती प्रत्यक्ष चालून पाहिली जाते. २०२१ मध्ये अशा वैयक्तिक योजनांसाठी झटणे हेही नगरपालिकांचे कर्तव्य झाले.

यावर कोणी म्हणेल की, इतक्या माणसांचा एकेकट्याने विचार करणे परवडेल कसे? शिवाय आपले व्यंग शेजाऱ्यास कळावे, हेही पुष्कळांस रुचत नाही. दुसरा आक्षेप आम्ही गंभीर मानतो. म्हणूनच एरवी ही माहिती साहाय्यकांस द्यावयाची ती त्या व्यक्तीच्या संमतीने, असे जपानी कायदा सांगतो. पहिल्याचे उत्तर मात्र उराकावाच्या मंडळींनी दिलेच आहे.

आमच्याकडे २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने जिल्हा आपत्ती प्राधिकरणावर अशा व्यक्तींची नोंद ठेवण्याची जबाबदारी टाकली आहे. नोंद ही केवळ पहिली पायरी होय. चाकाची खुर्ची जिन्यावरून कोण उतरविणार, बहिऱ्यास मध्यरात्री कोण हालवून जागे करणार, औषधाची पिशवी कोठे टांगलेली असणार, हे कोणतेही प्राधिकरण दुरून ठरवू शकत नाही. ते त्या व्यक्तीने आणि तिच्या शेजाऱ्याने एकत्र बसून, आकाश निरभ्र असतानाच ठरवावे लागते.