वेताळाचं चालणं

भिलाईच्या सेक्टरांत वाढलेल्या मराठी मुलांना हा शब्द दोन रूपांत भेटला. घरातल्या गोष्टींतून, ‘चांदोबा’तून आला तो वेताळ; हिंदी ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधून आला तो वेताल. प्रमाण हिंदीत ळ नाही. पण 1959मध्ये पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाल्यावर या गावात जी माणसं येत गेली, त्यांतल्या तेलुगू, उडिया, मल्याळी घरांतही ळ होताच. शाळेच्या वाटेवर तेवढा त्याचा ल व्हायचा.

ली फॉक यांचा चित्रकथानायक ‘फँटम’ 17 फेब्रुवारी 1936 रोजी अमेरिकेतल्या वृत्तपत्रांत अवतरला आणि मार्च 1964मध्ये ‘इंद्रजाल’ने तो भारतात कॉमिक पुस्तकांतून आणला. फँटमचं मूळ ग्रीक ‘फँटास्मा’, म्हणजे डोळ्यांना दिसणारा भास. ‘फँटसी’ही त्याच कुळातली. भाषांतरकाराला भूत, छाया, मायावी असे कितीतरी सोपे शब्द हाताशी होते. त्याने वेताळ निवडला, आणि माझ्या मते मूळ नावापेक्षा हे नाव या नायकाला अधिक शोभतं.

वेताळ हा नुसता भास नव्हे. तो परक्या देहात वस्तीला येतो. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने ‘कथासरित्सागरा’त सांगितलेल्या गोष्टींत तो स्मशानातल्या प्रेतात शिरून राजाशी बोलतो. तो राजा त्रिविक्रमसेन, गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा. आता फँटमची कथा पाहा. 1536पासून बापामागून मुलगा तोच मुखवटा चढवतो, आणि जंगलाला वाटतं की हा अमर आहे. एकवीस देह, नाव एकच. वेताळाचा स्वभाव दुसरा कोणता?

फँटमला ‘चालणारं भूत’ म्हणतात, तेही आपल्याला परकं नाही. वेंगुर्ल्याजवळ आरवलीला वेतोबा आहे. तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्याच्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा आहे. म्हणून भाविक त्याला भल्यामोठ्या चामडी वहाणा वाहतात. संस्कृत कथेतलं भयाण पिशाच कोकणात ग्रामरक्षक झालं. ‘वेताळ’ला आदराचा ‘बा’ जोडून झालेलं हे नाव मला मराठीने केलेली फार प्रेमळ दुरुस्ती वाटते.

गोव्यात तो बेताळ. हिंदीतही व चा ब झाला, संस्कृत ‘वेताल’मधला ल मात्र तसाच राहिला, आणि 1985मध्ये दूरदर्शनवर रामानंद सागर यांची मालिका आली ती ‘विक्रम और बेताल’. मराठी कानाला इथे ठेच लागते, कारण आपलं ‘बेताल’ वेगळं : फारसी ‘बे’ आणि संस्कृत ‘ताल’ यांची जोडी. या दोघांचं नातं काहीच नाही.

पडद्यावर फँटम 1943च्या चित्रपटमालिकेत आला, 1996च्या चित्रपटात बिली झेनने तो साकारला, आणि ‘फँटम 2040’ या 1994च्या कार्टून मालिकेत तर चोविसावा वारस उभा राहिला. 2020मध्ये नेटफ्लिक्सवर ‘बेताल’ आली, तिच्यात मेलेले इंग्रज शिपाई उठून चालू लागतात. पाहणाऱ्यांनी त्यांना झाँबी म्हटलं. सोमदेवाच्या वाचकाने त्यांना पाहताक्षणी वेताळच म्हटलं असतं.