अडखळणारं चित्र आणि न्यायाचं मैदान

या मालेत आपण काळ मोजण्याच्या साधनांबद्दल बोलत आलो आहोत. आजचा विषय ऐकून काहींच्या भुवया उंचावतील. संगणकावर स्पर्धेने खेळल्या जाणाऱ्या नेमबाजीच्या खेळांत, मुलं ज्यांना 'शूटर' म्हणतात त्यांत, चित्र अडखळायला लागलं की ते सुरळीत कसं करायचं, हा आपला प्रश्न. वरवर पाहता तो दुरुस्तीवाल्याचा आहे. पण त्याचा गेल्या तीसेक वर्षांचा इतिहास चाळला की आतून एक जुनाच प्रश्न वर येतो: दोन खेळाडू एकाच मैदानात उभे आहेत, असं आपण कधी म्हणू शकतो?

आधी मूळ गोष्ट. पडद्यावरची हालचाल म्हणजे एकापाठोपाठ एक दाखवलेली स्थिर चित्रं. आपल्याकडच्या क्षणभंगवादी बौद्ध पंडितांना हे उदाहरण फार आवडलं असतं! एका सेकंदात अशी जितकी चित्रं निघतात, तो फ्रेम रेट. सेकंदाला ६० चित्रं असतील तर एका चित्राला साधारण १७ मिलिसेकंद मिळतात, ३० असतील तर ३३. सिनेमात चित्रं आधीच काढून ठेवलेली असतात. खेळात मात्र तुम्ही माउस हलवल्यावर पुढचं चित्र हिशेब करून तयार करावं लागतं. म्हणजे यंत्र संथ असेल तर चित्र नुसतं कुरूप दिसत नाही, कोपऱ्यावरून येणारा प्रतिस्पर्धी तुम्हाला उशिरा दिसतो. मुलं यालाही 'लॅग' म्हणतात आणि इंटरनेटच्या विलंबालाही 'लॅग'च म्हणतात. दुखणी दोन, औषधंही वेगळी. आज आपण पहिल्याबद्दलच बोलतोय.

१९९३च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या टेक्सासमधल्या इड सॉफ्टवेअरने 'डूम' आणला. त्यात वेगाला वरून टोपी घातलेली होती: सेकंदाला ३५ चित्रं, त्याहून जास्त नाहीत. चांगलं यंत्र घेतलं तरी त्या मर्यादेपुढे फायदा शून्य. १९९६ साली 'क्वेक' आला तेव्हा जग खऱ्या अर्थाने त्रिमित झालं आणि हिशेब अवाढव्य वाढला. जॉन कारमॅक आणि मायकेल अ‍ॅब्रॅश यांनी तेव्हा इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरची एक खोड हेरली. दशांशांचा भागाकार त्याला वेळखाऊ पडे, पण तो चालू असताना प्रोसेसरचा दुसरा भाग मोकळाच असे. मग त्यांनी दर १६ ठिपक्यांमागे एकदाच भागाकार करायचा आणि तो होईपर्यंत मधले ठिपके रंगवून घ्यायचे, अशी मांडणी केली. पोळी तव्यावर असताना पुढची लाटून ठेवावी, तसंच हे. पण याचा परिणाम बाजारावर झाला. सायरिक्स कंपनीचा स्वस्त प्रोसेसर कार्यालयीन कामात पेंटियमच्या तोडीस तोड होता, पण दशांशांच्या गणितात कच्चा. 'क्वेक'मध्ये तो मागे पडला. स्वस्तात घेतलेलं यंत्र पत्र लिहायला उत्तम आणि खेळायला लंगडं, हा अनुभव पुष्कळांनी तेव्हा घेतला. पुढच्याच वर्षी थ्रीडीएफएक्सच्या वूडू कार्डावर चालणारी 'क्वेक'ची आवृत्ती आली आणि चित्रं काढण्याचं बरंचसं काम प्रोसेसरकडून ग्राफिक्स कार्डाकडे गेलं.

आता खरी गंमत. १९९९च्या डिसेंबरात 'क्वेक थ्री अरीना' आला. त्यात खेळाडूच्या हालचालीचा हिशेब चित्रागणिक होई, आणि प्रत्येक चित्राअखेर वेग पूर्णांकात बसवला जाई. गुरुत्वाकर्षण सेकंदाला ८०० एककं. सेकंदाला १२५ चित्रं असतील तर एका चित्राचा काळ ८ मिलिसेकंद, तेवढ्यात वेग ६.४ने घटायला हवा. पण पूर्णांकात बसवताना घट व्हायची ६ची! म्हणजे त्या खेळाडूपुरतं गुरुत्वाकर्षण ८००ऐवजी ७५०. आता १६ मिलिसेकंदांचं, म्हणजे निम्म्या वेगाचं यंत्र घ्या: घट १२.८, ती व्हायची १३. इथे गुरुत्वाकर्षण ८१२च्या वर. एकाच मैदानात, एकाच उडीत, एक खेळाडू हलका आणि दुसरा जड. उडीच्या उंचीत सुमारे चार एककांचा फरक पडे, आणि एखाद्या कठड्यावर पोचायला तेवढा पुरे.

इथे आपण थोडं थांबू. श्रीमंताचा बूट चांगला असतो, हे आपण खेळात मान्य करतोच. पण चांगल्या बुटामुळे त्याच्यापुरती पृथ्वीच हलकी झाली, तर? आमच्या मते इथे सवलतीचा प्रश्न संपतो आणि नियमाचा सुरू होतो. निर्मात्यांनाही ते जाणवलं असावं. नंतरच्या आवृत्तीत सर्वांचा हिशेब ठरावीक कालखंडाने करायची सोय त्यांनी दिली, पण ती सुरू करायची की नाही हे सर्व्हर चालवणाऱ्यावर सोडलं.

मग खेळाडूंनी काय केलं? १२५ गाठण्यासाठी दृश्याचा त्याग केला. 'पिकमिप' नावाच्या सेटिंगने भिंतींवरची नक्षी पुसट करत नेता येई. चित्रकारांनी महिनोन्‌महिने खपून घडवलेले दगडी गॉथिक महाल गिलावा केलेल्या गोदामासारखे दिसू लागले. त्या सपाट भिंतीपुढे प्रतिस्पर्धी मात्र उठून दिसे. फ्रेम रेट वाढवण्याचा हाच उपाय आजही पहिला सांगितला जातो: सावल्या कमी करा, बारकावे कमी करा, रिझोल्यूशन उतरवा.

यातला शेवटचा उपाय निदानासाठीही उत्तम. रिझोल्यूशन उतरवल्यावर वेग वाढला, तर अडचण ग्राफिक्स कार्डात. जैसे थे राहिला, तर बहुधा प्रोसेसर दमलाय, आणि मग नवं कार्ड घेऊन पैसे वाया जातील. लॅपटॉप तापला की स्वतःहून मंदावतो, हेही लक्षात असू द्या. नागपूरच्या मे महिन्यात तर नक्कीच.

२०११मध्ये स्कॉट वॉसन या समीक्षकाने एक साधी गोष्ट ठासून मांडली: सेकंदाची सरासरी फसवी असते. ६० चित्रं निघाली, पण त्यांतल्या एकानेच पाव सेकंद खाल्ला, तर आकडा ६०च राहतो आणि तुम्ही मात्र मेलेले असता. म्हणून प्रत्येक चित्राला लागलेला वेळ मोजायचा. दरडोई उत्पन्नाच्या आकड्यांवर वाद घालणाऱ्यांना हे लगेच कळेल. मॉनिटरचंही तसंच. तो सेकंदाला ६० वेळाच चित्र बदलत असेल, तर २०० चित्रं पूर्णपणे डोळ्यांपर्यंत पोचत नाहीत. हातातला प्रतिसाद थोडा चपळ होतो, एवढंच.

२०२३च्या सप्टेंबरात 'काउंटर-स्ट्राइक टू' आला आणि 'ग्लोबल ऑफेन्सिव्ह'ची जागा त्याने घेतली. जुन्या संगणकांवर वेग घसरला. काही यंत्रांवर तर खेळ सुरूच होईना: ३२ बिट प्रणाली, डायरेक्टएक्स ९ आणि मॅक यांचा आधारच काढून घेतला होता. त्यांच्यासाठी कुठलंही सेटिंग उरलं नाही. बाकीच्यांनी जुन्या सवयीने सावल्या कमी करायला घेतल्या. पण या खेळात प्रतिस्पर्ध्याची सावली त्याच्याआधी कोपऱ्यावरून पुढे येते. सावल्या कमी केल्या की वेग वाढतो, पण तो येतोय ही खबर जाऊ शकते. भारी यंत्रवाल्याला दोन्ही मिळतं. हलक्या यंत्रवाल्याला दर सामन्याआधी एक निवडावं लागतं.