मिरजेचा तंबोरा आणि मुकी पेटी

महाबळेश्वरला उगम पावलेली कृष्णा सांगलीकडे उतरते, तिथून मिरज जवळच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इथली हत्यारांना धार लावणारी शिकलगार घराणी तंतुवाद्यांकडे वळली. तलवारींची मागणी सरली होती, हातातलं कसब शिल्लक होतं. त्यांत फरीदसाहेब सितारमेकर यांचं नाव पहिलं घेतलं जातं.

आता तंबोरा कसा वाजतो ते पाहू. नुसती तार बारीक. ती हवा फारशी हलवू शकत नाही. ती घोडीला हलवते, घोडी तबलीला, आणि तबली-भोपळा मिळून खोली भरतात. म्हणजे इथं सांगाड्यानं थरथरलंच पाहिजे.

याच मिरजेत राहिलेले खाँसाहेब अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) तबकड्यांवर गायले. त्या तबकड्या ऐकताना मात्र नियम उलटतो. सुई खाचेतली सूक्ष्म वळणं वाचते. मोटरची घरघर किंवा जमिनीचा धक्का सुईपर्यंत पोचला, तर तिला तोही गाण्याचाच भाग वाटतो. व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायरही असेच हळवे: काचेवर टिचकी मारली की स्पीकरमधून टण्ण!

मग कारागिरांनी काय केलं? एक, सांगाडा जड केला. दोन, ताठ केला. तीन, कंपन मुरवणारे पदार्थ वापरले. बिडातल्या ग्राफाइटच्या पापुद्र्यांमुळे कंपन लवकर विरतं. लेथचा पाया बिडाचा करतात तो याचसाठी. चौथा उपाय अमेरिकेत एडगर विल्चर यांच्या १९६१ च्या टर्नटेबलनं लोकप्रिय केला. तबकडीची थाळी आणि सुईचा दांडा एकाच आतल्या चौकटीवर बसवून ती चौकट स्प्रिंगांवर टांगली. स्प्रिंग सावकाश झुलते, त्यामुळे ऐकू येणारी जलद कंपनं वर चढत नाहीत. आणि चौकट हललीच, तर थाळी व सुई एकत्र हलतात. दोघींमधलं अंतर बदलत नाही.

या दोन कसबांना आपण विरोधी समजू नये. काय बोलावं नि काय गप्प राहावं, हे दोन्हीकडे सांगाडाच ठरवतो. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पण तबलीची जाडी बोटांनी जोखणारा हात मानांकनानं तयार होत नाही. तो शिकवावाच लागतो. तो हात थांबला, तर उत्तमोत्तम मुक्या पेट्यांतून आपण फक्त जुनाच तंबोरा ऐकत राहू.