अलिबाग : पाण्यापलीकडचें गांव

मुंबई बंदराच्या दक्षिणेस, समुद्राच्या रुंद पट्ट्यापलीकडे अलिबाग हें टुमदार गांव वसलेलें आहे. मुंबईस इतकें जवळ असूनहि मधल्या पाण्यामुळें तें फार काळ निराळें राहिलें. जवळीक आणि निराळेपणा या दोहोंतच या गांवाचा इतिहास सांठविलेला आहे.

नांवाची कथा अशी सांगतात कीं, अली नांवाच्या एका सधन बेने इस्रायल गृहस्थानें येथें विहिरी खोदल्या व बागा लावल्या. अलीची बाग तीच अलिबाग. आपले पूर्वज जवळच्या नवगांवच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले, असें बेने इस्रायल ज्यू मानतात. ते तेलाचे घाणे चालवीत व शनिवारीं काम बंद ठेवीत, म्हणून त्यांस ‘शनिवार तेली’ म्हणत. मराठी हीच त्यांची भाषा झाली. १९४८ नंतर त्यांतील बहुतेक कुटुंबें इस्रायलांत गेलीं. प्रार्थनामंदिर मात्र गांवांत उभें आहे.

किनाऱ्यासमोर खडकावर कुलाबा किल्ला आहे. ओहोटीस तेथवर पायीं जातां येतें; भरतीस होडीवांचून गत्यंतर नाहीं. १६८० सालीं शिवछत्रपतींनीं त्याच्या बांधकामास हात घातला. पुढें सरखेल कान्होजी आंग्रे यांनीं तेथें आपल्या आरमाराचें ठाणें केलें. दस्तकावांचून फिरणारें गलबत ते अडवीत. इंग्रज यास चांचेगिरी म्हणत; मराठ्यांच्या मतें तो समुद्रावरील सत्तेचा हक्क होता. १७२१ सालीं इंग्रज व पोर्तुगीज एकत्र होऊन चालून आले. बाजीराव पेशवे मदतीस धांवले, पोर्तुगीजांनीं मराठ्यांशीं वेगळा तह केला आणि इंग्रजांस हात हालवीत परतावें लागलें. १७२९ सालीं कान्होजी वारले. त्यांची समाधि गांवांतच आहे. पुढें पुत्रांत दुही माजली, आणि जें शत्रूस साधलें नव्हतें तें भाऊबंदकीनें केलें. १८४० सालीं संस्थान खालसा झालें.

आरमार गेलें, शांतता राहिली; आणि तीच पुढें कामास आली. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेंत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाचीं मोजमापें होत असत. शहरांत विजेच्या ट्रामगाड्या येणार असें दिसतांच पेंच पडला; कारण रुळांतून जमिनींत झिरपणाऱ्या विजेनें नाजूक चुंबकसूची विचलित होते. तेव्हां वेधशाळेचे प्रमुख नानाभाई मूस यांच्या देखरेखीखालीं अलिबागेस नवी वेधशाळा उभारली गेली. तिच्या बांधकामांत लोखंड येऊं नये अशी दक्षता घेतली होती. १९०४ ते १९०६ अशीं दोन वर्षें दोन्हीं ठिकाणीं एकाच वेळीं नोंदी घेऊन त्यांचा मेळ घालण्यांत आला. १९०७ सालीं मुंबईंत विजेची ट्राम धांवूं लागली. पण नोंदींची सांखळी तुटली नाहीं. ती आजहि चालू आहे. जगांत इतक्या दीर्घ नोंदी फार थोड्या ठिकाणीं आढळतात.

२०२० पासून मोटारींसह उतारू नेणारी बोट मुंबईहून मांडव्यास येते. मधलें पाणी आतां पूर्वीसारखें आडवें येत नाहीं. सुटीच्या दिवशीं किनारा माणसांनीं फुलतो; नारळी-पोफळीच्या वाड्यांशेजारीं नवे बंगले उठतात. त्यानें चार घरांस रोजगार मिळतो, हेंहि खरें. परंतु ज्या निराळेपणानें कान्होजींस बळ दिलें आणि शास्त्रास आश्रय दिला, त्याची राखण आजवर समुद्रानें केली. यापुढें ती गांवानेंच करावयाची आहे.